एकतीसनंतर चौतीस

आमच्या घरात देवाधर्माचं काहीही विचारलं की एकच उत्तर मिळायचं, असंच असते. बेलाला तीनच पानं काहून? असंच असते. नैवेद्य देवाला दाखवतो आणि खातो आपणच, मग देवाच्या पोटात काय जाते? असंच असते. सोमवारी उपास धरला की आत्या दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही आणि घरातले माणसं त्याच उपासाच्या नावानं दोन वेळा शिंगाड्याचा शिरा खातात, हे कसं? यावर मात्र असंच असते म्हणून भागायचं नाही, त्याच्यापुढं एक जास्तीचं लागायचं, "तोंड लय चालते तुह्यं, जा शेण उचल." मी जाऊन शेण उचलायची. आज माझी नात मोबाइलवर बोट फिरवते आणि बेलाच्या तीन पानांचा अर्थ चार तऱ्हांनी वाचून दाखवते. मला तिचा हेवा वाटतो, आणि थोडा रागही येतो. अर्थ इतका जवळ होता तर मग मला शेण कायले उचलायला लावलं?

आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडं दीड कोसावर. घर मातीचं, पण ओसरी लांबलचक, गावातले तीसेक लोक मांडी घालून बसतील एवढी. घरात माय, बाबा, माझे दोन लहान भाऊ, बाबांचे मोठे भाऊ म्हणजे मोठे बाबा, आणि या दोघांची बहीण कौसा आत्या. मोठ्या बाबांची बायको लवकर वारली, लेकरू नव्हतं. घर त्यांच्या शब्दानं चालायचं आणि आत्याच्या हातानं. माझे बाबा वावरातला माणूस, भावापुढं तोंड उघडायचे ते जेवायला. मला तिसरीतून शाळेतून काढलं, कारण धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला कोणी पाहिजे होतं. पाटी मी कोठीमागं लपवून ठेवली होती, पण ती मायनं पापड लाटायला बाहेर काढली. त्यानंतर घरात वाचण्यासारखं एकच राहिलं, देव्हाऱ्यातली पोथी.

देव्हारा धान्याच्या कोठीशेजारी. त्यात पितळेचा बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा, घासून घासून नाक गेलेले दोन टाक, आणि नदीतून आणलेला एक गुळगुळीत काळा गोटा, तो महादेव. श्रावण लागला की भिंतीला जिवतीचा कागद चिकटवायचा, आघाड्याची माळ घालायची. पहाटे आत्या उठायची, सडा टाकायची, ओसरी सारवायची. ओल्या शेणाचा आणि तरोट्याच्या भाजीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा असे दोन्ही वास एकत्र आले की मला अजूनही श्रावण आठवतो. सोवळ्याचा कडकपणा एवढा की मोठे बाबा न्हाणीतून निघाले की आम्ही पोरं भिंतीला पाल चिकटावी तशी चिकटून उभी राहायची, धक्का लागला तर बिचाऱ्यांना पुन्हा आंघोळ. महिनाभर उपास, एकादश्या, नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, विळी धरायची नाही. हे सगळं मला पाठ होतं. का, ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, मोठ्या माणसांना माहीत असेल, पण सांगत नाहीत.

दिवेलागणीला पोथी बसायची. लाल फडक्यात बांधलेली, लांबट सुट्या पानांची, वरखाली लाकडाच्या फळ्या. रोज एक अध्याय. मोठे बाबा पाटावर बसायचे, कपाळावर गंध, आणि एका चालीवर असं म्हणायचे की बैलाच्या गळ्यातली घंटा लांबून येत राहावी. समोर गाव. एका बाजूला आत्या मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसलेली. आणि मी दिवा धरून त्यांच्या खांद्याशी. हे दिवा धरायचं काम मी मागून घेतलं होतं, कारण तिथून अक्षरं दिसायची. ते म्हणायचे आणि मी डोळ्यानं अक्षर धरायची. असं धरत धरत मी वाचायला शिकले, शाळेत शिकले नसते इतकं. त्यांचं बोट ओळीवरून फिरायचं, पण ते कधी ओळीच्या शेवटी पोचायचं आणि शब्द अजून मध्येच असायचा, कधी शब्द पुढं आणि बोट मागं. मला वाटायचं, शिकलेल्या माणसांचं असंच असते. पाहा, मीसुद्धा म्हणायला लागले होते.

त्या पोथीत एक राणी होती. राजानं दुसरी राणी आणली आणि हिला रानात सोडून दिलं. ही रानात झाडाखाली बसून रडते, पदरातले मूठभर दाणे एका जोग्याला देते. पान उलटलं की एकदम नगारे वाजतात आणि राजा तिला सिंहासनावर बसवतो. दरवर्षी मी अडायची. रानातून ती आली कशी? राजाला समजलं कसं? लोक हात जोडून असायचे. मी मायला विचारलं, तिनं मला चिमटा काढला. आमच्याकडं झिबलाजी नावाचे एक म्हातारे यायचे, दात नव्हते, मत मात्र प्रत्येक गोष्टीत होतं. ते म्हणायचे, "देवाची करणी, पोरी. तिनं वाट पाह्यली, देवानं फळ देलं." आणि हे म्हणताना ते आत्याकडं बघायचे. सगळेच बघायचे.

कारण आत्यापण वाट पाहत होती. लग्नानंतर तीन वर्षांनी ती माहेरपणाला आली, आणि न्यायला कोणी आलंच नाही. आमच्यात पोरगी आपल्या पायानं सासरी जात नाही. तिकडून कोणी यावं लागते, दीर, सासरा, नाहीतर नवरा, मग हिकडून ओटी भरून, शिदोरी देऊन पाठवतात. न बोलावता जाणं म्हणजे बापाची आणि भावाची इज्जत घालवणं. अकरा वर्षं झाली होती. मधे कळलं की मामाजींनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, दुसरी केली. तरी आत्या कुंकू लावत होती, सोमवार धरत होती. हळदीकुंकवाला बाया तिला बोलवायच्या, पण शेवटी, घरी निघता निघता. कोणी म्हणायचं, मागल्या जल्मीचं असन काही. आत्या ऐकून घ्यायची आणि वात वळायची. तिच्या वाती गावात प्रसिद्ध होत्या, एकसारख्या, जशा मोजून कापल्या.

मी अकरा-बारा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. श्रावणाच्या सुरुवातीला पोथीची पानं पुसायचं काम आत्यानं मला दिलं. पुसता पुसता माझं लक्ष पानांच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर गेलं. एकोणतीस, तीस, एकतीस, आणि उलटलं की चौतीस. मला वाटलं छापणाऱ्यानं चूक केली. पण ते पान हाताला जाड लागत होतं, भाकरीचा पापुद्रा सुटला नाही की लागते तसं. दोन पानं होती ती, एकमेकांना चिकटून एक झालेली. मी पान नाकाशी नेलं. काही वास नव्हता, पण कडेला पिवळा डाग होता. मी मोठ्या बाबांकडं पळत गेले, जसं काही हंडा सापडला. ते म्हणाले, हो, माझ्या बापाच्या वेळी नैवेद्याची खीर सांडली होती. मी म्हटलं, मग सोडवायची ना! ते म्हणाले, "फाटलं तं पाप कोणाले? जसं हाय तसं चालू दे." मी म्हटलं, पण तिथं राणीचं लिहिलं असेल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ते प्रेमळ होते, हे सांगितलंच पाहिजे. म्हणाले, "पोथी वाचाची असते बाई, समजाची नसते."

हे वाक्य मी आयुष्यभर घोकलं. रागानं घोकलं. इतक्या वर्षांत तीस-तीस लोकांनी हात जोडून ज्याला देवाची करणी म्हटलं, ती सांडलेली खीर होती.

वाफेची युक्ती मला जिवतीनं दिली. मायनं जिवतीचा कागद चुलीच्या वरच्या भिंतीला चिकटवला होता, आणि आंबिलीचा गंज, म्हणजे पातेलं, चढवलं की वाफेनं त्याचा एक कोपरा सुटून खाली लोंबायचा. मी ठरवलं. दुपारी सगळे तण निंदायला वावरात जायचे, मी भावांसाठी घरी. दोघांना झोपवलं, चुलीवर पाणी चढवलं, आणि पोथीला हात लावायचा म्हणून अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ केली, ओलेत्यानं सोवळं राहते म्हणून. अशी ओलीचिंब मी पोथीपुढं बसले तर केसातलं पाणी टपकन पानावर. इतकी घाबरले की रडायला आलं. फडक्यानं टिपलं, केस बांधले, पान वाफेवर धरलं, आणि नखानं, विळ्याच्या टोकानं नाही, नखानं, हळूहळू सोडवलं. कडेला जरा फाटलं. अक्षर एकही गेलं नाही. बत्तीस आणि तेहतीस.

वाचायला मला तीन दुपारी लागल्या. पोथीत शब्द जोडून छापलेले असतात, कुठं तोडायचं हे कळत नाही. पण कळलं. राणी रडून रडून थांबते. उठते. तिला कोणी बोलावलं नसते. ती पायी चालत नगराच्या वेशीशी येते आणि भरल्या दरबारात उभी राहून राजाला विचारते, माझा अपराध काय ते सांग. राजाला उत्तर येत नाही. मग तो दाणे घेणारा जोगी पुढं येतो, तो महादेवच असतो, आणि सगळ्यांसमोर साक्ष देतो की हिचा अपराध नाही. मग नगारे, मग सिंहासन. मी दोन्ही भावांना उठवून हे सांगितलं. लहान्यानं खायला मागितलं.

मी कोणालाच बोलले नाही. मला वाटलं, त्या अध्यायाच्या दिवशी पान आपोआप उलटेल आणि मोठे बाबा ते वाचतील, सगळ्यांना आनंद होईल. त्या संध्याकाळी ओसरी भरलेली होती. मोठे बाबा एकतीसच्या शेवटी आले, पान उलटलं, आणि थांबले. त्यांच्यासमोर बत्तीस होतं. मी दिवा जवळ नेला. त्यांचं बोट पहिल्या ओळीवर ठेवलेलं आणि हलेना. लोक वाट पाहत होते. कोणीतरी खाकरलं. मग त्यांनी दोन पानं एकदम उलटली आणि नगाऱ्यांपासून सुरू केलं, त्याच चालीवर.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मोठे बाबा, दोन पानं राह्यले."

"दिवा सरळ धर," ते हळूच म्हणाले.

"मी वाचू?"

झिबलाजींना गंमत वाटली. ते म्हणाले, "वाचू द्या ना बापा, शाळेत गेलती पोट्टी, तिसरी म्हणजे काही कमी हाय का." लोक हसले. कोणी नाही म्हटलं नाही म्हणून मी दिवा खाली ठेवला आणि वाचलं. चालीवर नाही, अडखळत, पण एक अक्षर सोडलं नाही. वाचताना मी कोणाकडं बघितलं नाही. वाचून झाल्यावर बघितलं तर कोणीच हात जोडलेले नव्हते.

"हे काही आपल्या पोथीत नव्हतं," झिबलाजी म्हणाले. आता ते हसत नव्हते. "राणी न बोलावता जाईन का? भरल्या दरबारात तोंड वर करून ईचारन? हे पोट्टीनं आपल्या मनानं घातलं."

मी म्हटलं, छापलेलं आहे. पान उचलून मोठ्या बाबांपुढं धरलं. तुम्ही पाहा, तुम्ही सांगा. ते पानाकडं बघत राहिले. बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवलं, आणि तेव्हा, त्या दिव्याच्या उजेडात, त्या न हलणाऱ्या बोटाकडं पाहून मला समजलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पोथी त्यांनी बापाच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ केली होती, चिकटलेल्या पानासकट. जे ऐकलं नव्हतं ते त्यांच्यासाठी नुसते काळे ठिपके होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला समजलं हे त्यांना समजलं.

मी एक वाक्य बोलले असते तर त्या क्षणी खरी ठरले असते. ते वाक्य मी गिळलं. त्यांच्याच खांद्यावर बसून मी पोळा पाहिलेला होता. मोठे बाबा म्हणाले, "आपल्या पोथीत असं नाही," आणि लाल फडकं बांधलं. मायनं सगळ्यांसमोर माझ्या गालावर दिली. मला मार लागला नाही, पण ते गिळलेलं वाक्य अजून कधी कधी तोंडाशी येते, खोटं नाही सांगत. आत्या कोपऱ्यात वात वळत होती. तिनं मान वर केली नाही. मला तिचाच राग जास्त आला.

मग जे व्हायचं ते झालं. पोथीवर गोमूत्र शिंपडलं. झिबलाजींनी ठरवलं की पारायण बाटलं, पहिल्यापासून वाचावं लागेल, आणि पोळ्याच्या आत समाप्ती पाहिजे म्हणून रोज दोन-दोन, तीन-तीन अध्याय. तीन अध्यायांच्या दिवशी लोकांच्या माना लटकायच्या, पण सोडून कोणी जाईना, पुण्याचं काम. दिवा धरायला माझ्या जागी पितळेची समई आली. मला ओसरीच्या खाली, आंगणात बसायला सांगितलं.

दोन दिवसांनी आत्यानं मला निंदायला सोबत नेलं, भावांना मायकडं देऊन. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला आली होती. सोबत तांड्यावरची धानीबाई होती, बंजारा बाई, दरवर्षी आमच्याकडं निंदायला यायची, हातभर चुडे आणि तोंडात कायम काहीतरी गोड-तिखट. एक तास, म्हणजे पऱ्हाटीची एक ओळ, संपून दुसऱ्याला लागलो तेव्हा आत्या खाली बघतच म्हणाली, "शेवंते, थे राणी वेशीवर जाऊन काय म्हणे?"

मी सांगितलं. पुढच्या तासाला तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, आता जरा चिडून. तिसऱ्या तासाला विचारलं, "तिले कोणी बोलावलं नव्हतं?"

"नाही."

"मंग रस्ता कोणी दाखवला?"

मी म्हटलं, ते लिहिलं नाही. आत्या थोडा वेळ गवत उपटत राहिली. "रस्ता तं माहीतच असते," ती म्हणाली.

धानीबाईनं सगळं ऐकलं होतं, गावात कोणी ऐकलं नव्हतं? ती कंबर सरळ करून म्हणाली, "आमच्या देवाच्या गोष्टी आमच्या बाया गाण्यात सांगतात वो कौसाबाई. गाण्याले पान नसते, चिकटन कसं?" आत्या हसली. तिला हसताना मी किती दिवसांनी पाहत होते, कोण जाणे.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर आत्यानं मोठ्या बाबांना सांगितलं की उद्या मी जाऊन येते, शेवंतीला सोबत नेते. कुठं, ते सांगायची गरज नव्हती. मोठे बाबा हात धुवत होते, गडव्यातलं पाणी सांडत राहिलं. म्हणाले, न बोलावता? लोक म्हणतील भावाला बहीण जड झाली. आत्या म्हणाली, "ईचाराले चालली दादा, राहाले नाही." ते म्हणाले, मागल्या जल्मीचा भोग आहे, भोगून घे, सरेल. आत्यानं खरकटी ताटं उचलली आणि शांतपणे विचारलं, "हे कोणत्या पानावर लिहिलं हाय?" मी कोठीच्या आडून ऐकत होते आणि मला कळेना की तिलापण समजलं आहे की काय.

सकाळी निघालो. आत्याचा उपास, माझ्यासाठी फडक्यात भाकर आणि तरोट्याची भाजी. मुकुटबन दीड कोस, तिथून दीड कोस पुढं. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. मुकुटबन ओलांडलं तेव्हा मला वाटलं आता पुढं लांब असेल, डोंगर असेल, पण एका पळसाच्या बनातून वळलो आणि आत्या म्हणाली, ते कौलारू दिसते ते. मला विश्वास बसेना. अकरा वर्षं म्हणजे मी सात समुद्र समजत होते. तीन कोस. मोठे बाबा बैल विकायला याच्यापेक्षा लांब जात होते.

मामाजी आंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते, पोळा जवळ आला होता ना, बैलांना नवे दोर लागतात. त्यांनी वर पाहिलं आणि पाहुण्याला म्हणावं तसं "या, बसा" म्हटलं. मग हातातला पीळ थांबला. "कौसा?"

आत्या बसली नाही. लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली, पदर डोक्यावर, आणि विचारलं, "माह्या काय गुना होता, थे ईचाराले आली."

आतून एक बाई पाण्याचा गडवा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. ती दुसरी. तिच्यापण कपाळाला तेवढंच मोठं कुंकू. मी आभाळाकडं बघत होते. खरं सांगते, मी जोग्याची वाट पाहत होते. मला वाटत होतं आता कोणीतरी येईल.

"गुना काही नव्हता," मामाजी म्हणाले.

"मंग न्याले काहून नाही आले?"

त्यांनी दोराकडं पाहिलं. त्यांना आठवायचा प्रयत्न करावा लागत होता, ते दिसत होतं, आणि तेच मला सहन होईना. "पयल्या साली आजार होता घरात," ते म्हणाले. "मंग वाटलं दिवाळीले जाऊ. मंग पेरणी. असं करता करता राह्यलं."

राह्यलं. त्यांनी मारलं असतं, घाण बोलले असते, तर मला निदान शिव्या देता आल्या असत्या. मी तोंड उघडलं तर आत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोणी जोगी आला नाही. एक कोंबडी आली, दोराच्या काथ्यात पाय अडकवून ओरडत गेली.

आत्या दारापाशी गेली. त्या बाईच्या हातातून गडवा घेतला, आधी मला पाजलं, मग आपण प्यायली, वरून, घटाघटा, पूर्ण. सोमवार होता. दिवस डोक्यावर होता. अकरा श्रावण ज्या बाईनं दिवा लागल्याशिवाय ओठ ओला केला नाही, तिनं सवतीच्या हातचं पाणी भरदुपारी प्यायलं आणि गडवा परत देत म्हणाली, "विहीर गोड हाय वो तुमची." ती बाई कुंकू आणायला आत वळली, रीत असते, पण ती बाहेर येईपर्यंत आम्ही वेशीला पोचलो होतो.

पळसाखाली बसून आत्यानं माझ्यातली अर्धी भाकर खाल्ली. मी रडत होते, चिडून, नाक वाहत होतं. मी म्हटलं, पोथीत खोटं लिहिलं आहे. तिनं भाजीचं शेवटचं बोट चाटलं आणि म्हणाली, अर्धं खरं आहे, खा. बस. तिनं एवढंच सांगितलं. मला तेव्हा ते पुरलं नाही, आताही पूर्ण पुरत नाही. मला सांगा, कोणता जोगी, कुठं अडकला होता? इतके उपास, इतक्या वाती. म्हातारपणी मी दोन-तीन शिकलेल्या लोकांना विचारलं. एकानं कर्मावर तासभर सांगितलं. छान सांगितलं. पण उत्तर तेच होतं, असंच असते, नुसते शब्द मोठे.

घरी आल्यावर मोठ्या बाबांनी विचारलं नाही, आत्यानं सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी ती आमच्याबरोबर सकाळीच जेवायला बसली. माय म्हणाली, ताई, आज सोमवार. आत्या म्हणाली, माहीत हाय, वाढ. कुंकू तिनं मरेपर्यंत लावलं. वाती पण वळल्या, मला वाटते तिला ते काम आवडत होतं, देवासाठी असो की नसो.

पुढचा श्रावण आला. मी पानं पुसायला घेतली तेव्हा एकतीसनंतर पुन्हा चौतीस होतं. या वेळी खीर नव्हती, कणकेची खळ होती, नवी, पांढरी, कडेनं काळजीपूर्वक लावलेली. कोणी लावली ते मला माहीत होतं, आणि का लावली तेही. मी नख लावलं नाही. इतकी चिडले होते तरी लावलं नाही. बत्तीस-तेहतीस मला पाठ होते.

त्या अध्यायाच्या दिवशी ओसरी भरली. मी आंगणात होते. मोठे बाबा एकतीसच्या शेवटी आले, राणी झाडाखाली बसून रडली, जोग्याला दाणे दिले, पान उलटलं, नगारे वाजले आणि राजानं तिला सिंहासनावर बसवलं. सगळ्यांनी हात जोडले. झिबलाजी म्हणाले, "देवाची करणी."

कोपऱ्यातून, वातीवरून नजर न काढता, आत्या म्हणाली, "तीन कोस पायी गेलती थे."

मोठ्या बाबांचं बोट ओळीवर थांबलं. मग ते बोट हळूच पुढं सरकलं, शब्दांच्या बरंच मागं.